दोरी कोण धरणार?

गावात कुणीतरी घरी बनवलेलं हेलिकॉप्टर उलटलं, अशी बातमी आली की मी ती वाचत नाही. मला ती पाठ आहे. रिकाम्या जागा सोडलेला पंचनामा माझ्याकडे तयार असतो, फक्त गावाचं नाव भरायचं.

वेळ सकाळी सातची, कारण तेव्हा वारा पडलेला असतो. जागा शाळेचं मैदान, नाहीतर सोयाबीन काढून मोकळं झालेलं वावर. चालकाचा धंदा वेल्डिंग, फॅब्रिकेशन किंवा मोटार दुरुस्ती. सांगाडा चौकोनी पाइपाचा, इंजिन भंगारातल्या मारुती ८०० चं, बसायला पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची. इंजिन सुरू होतं, धुरळा उठतो, यंत्र थरथरतं, वीतभर उचलतं, उजवीकडे कलतं. बघे ‘अरे अरे अरे’ म्हणतात तोवर पाती जमिनीवर आपटलेली असतात. धुरळा बसतो तेव्हा चालक पट्ट्याला लोंबकळत असतो, आणि आपण शुद्धीवर असल्याचा पुरावा म्हणून पहिला प्रश्न विचारतो, ‘शूटिंग झालं का रे?’

झालेलं असतं. अठरा मोबाइलवर, अठरा कोनांतून, त्यातले सोळा उभे धरलेले. दुखापत म्हणाल तर कोपर खरचटलं. नुकसान म्हणाल तर दोन पाती, एक सायलेन्सर आणि शेजाऱ्याच्या कुंपणाचे चार डांब. शेजारी नऊ सांगतो.

दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘हेलिकॉप्टर कोसळलं’. कोसळणं हे क्रियापद वीतभर उंचीला शोभत नाही. माणूस झोपेत बाजेवरून पडतो तो यापेक्षा उंचावरून पडतो, आणि त्याची चौकशी बायकोपलीकडे कुणी करत नाही. पण ‘हेलिकॉप्टर कलंडलं’ म्हटलं की ते बैलगाडीसारखं वाटतं, म्हणून कोसळवावं लागतं.

मग खरी गर्दी सुरू होते. कालपर्यंत ‘हा पोरगा काय करतो शेडमध्ये देव जाणे’ म्हणणारं गाव आज शाल-श्रीफळ घेऊन उभं राहतं. नेते येतात. नेत्यांना हेलिकॉप्टर नवं नसतं. निवडणुकीच्या महिन्यात ते एसटीपेक्षा हेलिकॉप्टरमध्ये जास्त बसतात. उलटलेल्या सांगाड्यावर हात ठेवून ते ‘सर्वतोपरी मदत’ जाहीर करतात. सर्वतोपरी मदत ही अशी रक्कम आहे की जिचा चेक आजवर कुठल्याही बँकेत वटलेला नाही.

टपरीवर तर विषयाला तोटाच नसतो. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं होतं, ही कथा सांगणारा एक माणूस प्रत्येक टपरीला शासनाने नेमून दिलेला असावा. त्याच्याकडे पोथीतल्या विमानांचाही हवाला तयार असतो. ती विमानं पुढे, मागे, आडवी, इतकंच काय या ग्रहावरून त्या ग्रहावर जात, हे जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या व्यासपीठावरून सांगून झालं आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच ती ‘वैमानिक शास्त्र’ नावाची पोथी तपासून, यातलं काही उडणारं नाही, असं लिहून ठेवलंय. पण संस्था बेंगळुरूला आणि टपरी इथे. चहा कुठे मिळतो ते बघून माणूस सत्य निवडतो.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. ते उजवीकडे का कललं?

विचारला असता तर उत्तर फार अवघड नाही. हेलिकॉप्टरचं निम्मं वजन जमिनीवर आणि निम्मं पात्यांवर असतं, तो क्षण वाईट. त्या क्षणी एका बाजूचं स्किड, म्हणजे खालचा तो पायासारखा पाइप, ढेकळात नाहीतर सोयाबीनच्या खुंटात अडकलं, की दार बिजागरीभोवती फिरावं तसं अख्खं यंत्र त्या खुंटाभोवती फिरतं. पाती जोर लावतच असतात, पण तो जोर आता वर नेण्याऐवजी आडवं पाडायला लागतो. वैमानिक याला डायनॅमिक रोलओव्हर म्हणतात. मोठ्या कंपन्यांची, परवानेवाली, चकचकीत हेलिकॉप्टरंही शिकाऊ हातांत अशीच आडवी होतात, म्हणून वैमानिकांच्या पुस्तकात या कोलांटीवर वेगळा भाग असतो. उपाय एका ओळीचा आहे. डाव्या हातातला दांडा हळूच खाली करायचा. पण कलत्या माणसाचा हात आपसूक वर ओढतो. वर ओढलं की जोर वाढतो, आणि जोर वाढला की कोलांटी पुरी होते. (तिकीट कापलेल्या उमेदवारांनी हा परिच्छेद पुन्हा वाचायला हरकत नाही.)

मुळात हे यंत्र जागच्या जागी तरंगत ठेवणं हाच सगळ्यात अवघड भाग. डाव्या हातात कलेक्टिव्ह, उजव्या हातात सायक्लिक, दोन्ही पाय पेडलवर, आणि एक हलवलं की बाकीची दोन बिघडतात. माझी आजी एका हाताने तव्यावरची भाकरी उलटत, दुसऱ्याने चुलीतलं लाकूड मागे ओढत, पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या दोरीने पाळणा हलवायची. तिला मी हेलिकॉप्टर द्यायला तयार होतो. पण तिने हे सगळं पहिल्या दिवशी, गावासमोर, स्वतः घडवलेल्या चुलीवर केलं नव्हतं. तिच्या मागे तिची सासू उभी असायची, आणि सासूचं लक्ष मोबाइलमध्ये नसायचं.

आता पाळण्याची दोरी निघालीच आहे तर तिच्यावरच बोलू. हेलिकॉप्टरचा इतिहास दोरीचा इतिहास आहे, असं माझं मत झालंय.

१९०७ साली फ्रान्समध्ये दोन खटपटी झाल्या. एक ब्रेगे नावाच्या श्रीमंत घराण्यातल्या भावांची. त्यांचं चार कोपऱ्यांवर पाती बसवलेलं धूड माणसासकट दोनेक फूट उचललं, पण ते कलंडू नये म्हणून चार माणसं चार कोपरे धरून उभी होती. दुसरी खटपट पॉल कोर्नूची. हा नॉर्मंडीतल्या लिझ्यो गावचा सायकली बनवणारा. म्हणजे आपल्या वेल्डरचा सख्खा भाऊ. चोवीस अश्वशक्तीचं इंजिन, सायकलीच्या चाकांसारखी चाकं, पट्ट्यांनी फिरणारी पाती. १३ नोव्हेंबर १९०७ रोजी ते फूटभर उचललं आणि वीसेक सेकंद राहिलं, असं सांगतात. हवं तिकडे वळवता मात्र येईना, म्हणून त्याने पुढे नाद सोडला.

आता इतिहासाचा न्याय बघा. ब्रेगेंचं यंत्र जास्त उचललं, पण चार माणसांनी धरलं होतं म्हणून ‘मुक्त उड्डाण’ या सदरात नापास. कोर्नूचं फूटभर, पण कुणी धरलं नव्हतं, म्हणून पुस्तकात नाव त्याचं. पुढे जाणकारांनी आकडेमोड करून, चोवीस अश्वशक्तीत ते उचललं तरी असेल का, अशीही शंका काढली. पण नाव गेलं ते गेलंच. धरणारा माणूस जवळ असला की श्रेय जातं, हा धडा जगभरच्या हौशी मंडळींनी तेव्हापासून घट्ट धरून ठेवलाय. दोरी सोडून सगळं धरलंय.

ज्याने हेलिकॉप्टर खरोखर वापरात आणलं त्या इगोर सिकोर्स्कीची गोष्ट उलटी. वयाच्या विसाव्या वर्षी तोही आपल्यातलाच होता. थोरल्या बहिणीने पैसे दिले, पॅरिसला जाऊन २५ अश्वशक्तीचं इंजिन आणलं, कीव्हमध्ये घरच्या घरी यंत्र जोडलं. १९०९ चं उचललंच नाही. १९१० चं स्वतःपुरतं उचललं, माणूस बसला की नाही. सिकोर्स्कीने मुकाट्याने ते बाजूला ठेवलं आणि तो साध्या विमानांकडे वळला. बहिणीने ‘पैसे कुठे गेले’ विचारलं की नाही, ते इतिहासाला माहीत नाही. बहिणी असल्या गोष्टी विसरत नसतात.

तीस वर्षांनी, अमेरिकेत, पन्नाशीला आलेला हाच माणूस मोठ्या कंपनीच्या पगारावर पुन्हा हेलिकॉप्टरच्या खुर्चीत बसला. अंगावर सूट, डोक्यावर हॅट. १४ सप्टेंबर १९३९. हातात परवाने, पाठीशी कारखाना, गाठीला तीन दशकांचा अनुभव, आणि तरी यंत्र जमिनीला बांधलेलं! उचललं काही सेकंद. मग महिनोन्‌महिने तेच. थोडं उचल, खाली ये, बोल्ट बघ, पुन्हा बांध. त्याच डिसेंबरात वाऱ्याच्या झोताने ते कलंडलं आणि मोडलं. शूटिंग तिथेही होतं, पण बघून दुरुस्ती करायला. दोरीविना मोकळं उडायला १३ मे १९४० उजाडला. तेव्हाही ते वर, खाली, आडवं, मागे व्यवस्थित जायचं, पुढे जाताना मात्र अडायचं. (टपरीवरच्या आमच्या मित्राला हे कळलं तर पोथी खरी निघाली म्हणून तो पेढे वाटेल.)

दोरीची आपल्याला काही परकी ओळख नाही. नवं खोंड पहिल्यांदा औताला जुंपायचं तर घरातला जाणता माणूस कासरा धरून पुढे चालतो. पहिल्या दिवशी कुणी त्याला मोकळं सोडून ‘घे भरारी’ म्हणत नाही. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या कमरेला दोर बांधतात, पाठीवर वाळका भोपळा बांधतात, आणि काठावर बसलेला मामा तो दोर सोडून बिडी पेटवत नाही. हे सगळं ज्या गावाला कळतं, त्याच गावात हेलिकॉप्टर निघालं की सगळा गाव बघ्या होतो. हात दोन, मोबाइल एक, तरी दोरीला हात मोकळा नाही.

बरं, मोबाइलवाले उभे असतात ते कुठे? पात्यांच्या अगदी समोर. दोन माणसांच्या छोट्या हेलिकॉप्टरची पाती साधारण पंचवीस फूट व्यासाची असतात आणि मिनिटाला पाचशेहून जास्त फेरे घेतात. गुणाकार केला तर टोकाचा वेग ताशी साडेसातशे किलोमीटर भरतो. वंदे भारत धावताना बघायला आपण रुळापासून लांब उभे राहतो. इथे तिच्या चौपट-पाचपट वेगाचं पातं, तेही घरी जोडलेलं, आणि आपण दहा फुटांवर, ‘जवळून घे, जवळून घे’.

इथे मला क्षणभर विनोद बाजूला ठेवावा लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वेल्डर तरुणाने दोन वर्षं खपून बांधलेलं हेलिकॉप्टर रात्री सुरू करून पाहिलं. शेपटीचं पातं तुटून मुख्य पात्यावर आदळलं आणि ते पातं त्याच्या डोक्याला लागलं. यंत्र जमिनीवरच होतं. स्वातंत्र्यदिनाला ते लोकांना दाखवायचं होतं. तो गेल्यावर त्याच्या कौतुकाचे जितके लेख आले, त्याच्या चौथाई माणसं आधी त्याच्या शेडमध्ये डोकावली असती, एकाने जरी ‘पात्यांभोवती जाळी बांध, हेल्मेट घाल, दुरून सुरू कर’ म्हटलं असतं, तर. हे वाक्य मी पुरं करत नाही.

वीतभरावरून कलंडणारा म्हणूनच भाग्यवान. त्याचं यंत्र मोडतं आणि तो उरतो. किरकोळ अपघात ही या धंद्यातली शिकवणीची फी आहे, आणि ती फी यंत्राने भरली तर स्वस्त पडते.

सरकारची दोरी? ती असते की. फक्त ती अपघातानंतर निघते. पोलीस येतात, उलटलेल्या सांगाड्याभोवती चार खुंट्या ठोकून दोरी बांधतात, आणि मग कुणालाही जवळ येऊ देत नाहीत. हीच दोरी आदल्या दिवशी, आतल्या बाजूने, सांगाड्याला बांधली असती तर बाहेरून बांधायला लागली नसती. कायदा म्हणाल तर नोंदणी आणि परवानगीशिवाय असलं यंत्र उडवणं गुन्हा आहे. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आलाय. नाव बदललंय. पत्र्याच्या शेडमधल्या पोराने कुठल्या टेबलावर जाऊन ‘साहेब, हे बघा’ म्हणायचं, ते टेबल मात्र नव्या नावात सापडत नाही.

अमेरिकेत असं टेबल आहे. तिथे हौशी माणसाने निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं असेल तर यंत्र ‘हौशी बांधणी’ म्हणून नोंदवता येतं. याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. सहकारी साखर कारखान्याच्या राजकारणात वाढलेल्या माणसाला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. हेलिकॉप्टरचे सुटे भाग खोक्यांत भरून विकणाऱ्या कंपन्या आहेत. गृहस्थ गॅरेजमध्ये ते जोडतो, तपासनीस येऊन बघतो, आणि पुढचे ठरवून दिलेले तास, साधारण ४०, वस्तीपासून दूर, आखून दिलेल्या हद्दीतच उडवायचं. तेवढे तास जादा माणूस बसवायचा नाही. आमदारसुद्धा नाही. ही कागदावरची दोरीच. अपघात तिथेही होतात. पण तिथे निदान कलंडलेल्या यंत्राकडे बघून ‘कुठला बोल्ट’ असं विचारणारा माणूस पगारावर असतो.

त्या नियमांतली एक तरतूद मला फार आवडली. अशा यंत्राच्या दाराशी ‘एक्सपेरिमेंटल’ हा शब्द दोन ते सहा इंच उंचीच्या अक्षरांत लिहिणं सक्तीचं आहे. म्हणजे बसणाऱ्याने नंतर ‘सांगितलं नव्हतं’ म्हणू नये. ही तरतूद आपण ताबडतोब आयात करावी. ‘प्रायोगिक’ अशी सहा इंची पाटी नव्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी लावावी, परीक्षेच्या पोर्टलवर लावावी, दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या अभ्यासक्रमाच्या मुखपृष्ठावर लावावी. शपथविधीच्या मंचामागे तर लावावीच. हेलिकॉप्टरवाल्या पोराने निदान वीतभर उचलून दाखवलं असतं. इतरांना पाटीची गरज जास्त आहे.

आपल्याकडे दोरी मिळतच नाही असं नाही. मुंबईत कांदिवलीतल्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर एका वैमानिकाने, कॅप्टन अमोल यादव यांनी, अख्खं सहा आसनी विमान बांधलं. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ठेवलं गेलं, लोकांनी सेल्फी काढले, आणि नोंदणीचा कागद २०१७ च्या नोव्हेंबरात हातात पडला. नोंदणीची अक्षरं व्हीटी-एनएमडी, म्हणजे नरेंद्र मोदी, देवेंद्र. विमानाला उडायला दोन पंख लागतात, तशी कागदाला उडायला दोन नावं लागतात, हे त्या अक्षरांवरून कुणालाही कळावं. यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक होते, मुंबईत होते, कॅमेऱ्यासमोर होते. तालुक्याच्या गावातल्या वेल्डरने कुणाच्या नावाची अक्षरं रंगवायची? सरपंचांची?

म्हणून मला वाटतं, सरकारची वाट बघण्यात अर्थ नाही. तालुक्याला एक आयटीआय असते, तिथे लेथ असते, काम न दिलेला एक तरी हुशार निदेशक असतो. जिल्ह्याला इंजिनिअरिंग कॉलेजं इतकी आहेत की विद्यार्थी कमी पडतायत. यांच्यातलं एखादं माणूस सत्काराच्या आधी शेडमध्ये गेलं, पात्याचा तोल तपासला, वेल्डिंगचा सांधा ठोकून बघितला, खाली चार जाड खुंट ठोकले, तर निम्मं काम झालं. खर्च म्हणाल तर नायलॉनची दोरी किलोवर मिळते, बाजाराच्या दिवशी घासाघीस करता येते. शालीपेक्षा स्वस्त पडेल.

तेव्हा एक विनंती. तुमच्या गावात कुणी पत्र्याच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत असं काही जोडत असेल, तर सत्कार समितीत माझं नाव घालू नका. मला भाषण येत नाही आणि माझ्या मोबाइलचा कॅमेरा बरा नाही. चार कोपऱ्यांपैकी एखादा रिकामा असेल तर मात्र कळवा. सकाळी सातच्या आत पोचतो. दोरी तुमची, हेल्मेट मी घेऊन येईन. पोरालाही एक आणतो.